पहिल्या वर्षी परसात काय लावावे?

मे महिना अर्धा उलटला की गोव्यातील घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू होते. सुकी मासळी, आमसुले, सुक्या मिरच्या, कांद्यांच्या माळा, मीठ आणि चिंच यांची चार महिने पुरेल एवढी बेगमी पहिला पाऊस पडण्यापूर्वी घरात आलीच पाहिजे, हा आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेला नेम. म्हापसे आणि मडगाव येथील पुरुमेंताच्या फेस्तांना आजही याच खरेदीसाठी गर्दी लोटते. परंतु ज्या घराची पावसाळ्याची तयारी इतकी चोख, त्याच घराच्या परसदारी गेल्यास पुष्कळदा काय दिसते? गुडघाभर गवत, एक मोडकी बादली आणि कोपऱ्यात आपोआप उगवलेली पपई. कोथिंबिरीची जुडीदेखील बाजारातून आणावी लागते. घराला लागून दोन-चार गुंठे जमीन असताना असे का व्हावे, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने एकदा शांतपणे करणे अगत्याचे आहे.

डिचोली तालुक्यातील आमोणे हा मांडवीच्या काठी वसलेला गाव. नदीपलीकडे फोंडे तालुक्यातील खांडोळा. येथे नदीला समुद्राची भरती-ओहोटी जाणवते, आणि याच पात्रातून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जा वर्षानुवर्षे जात-येत राहिल्या. गावाच्या अंगाखांद्यावर लोखंडाची लाल धूळ आहे, कच्च्या लोखंडाचा कारखाना आहे. खाणीचा पैसा घरात येऊ लागला तसतसे परसातील कुदळीला गंज चढू लागला. त्यात कोणाचा दोष काढावा असे नाही. रोख मजुरी हाती पडत असताना वांग्याला पाणी घालीत कोण बसणार? परंतु २०१२ साली गोव्यातील खाणकाम बंद पडले. पुढे काही काळ ते सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबले. तेव्हा डिचोली तालुक्यातील कित्येक घरांना एकाएकी उमगले, की आपल्या ताटातील प्रत्येक घास विकतचा आहे.

गोव्यातील भाजीचा मोठा भाग घाटावरून, मुख्यतः बेळगावकडून येतो. घाटात दरड कोसळली, संप झाला की इकडे भाव कडाडतात. हे काही आजचे नव्हे. १९५५ साली भारत सरकारने पोर्तुगीज अमलाखालील गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा येथील बाजारात बटाटे थेट नेदरलँड्समधून येऊ लागले होते! त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महामारीमुळे सर्व व्यवहार बंद झाले आणि राज्याच्या सीमा रोखल्या गेल्या, तेव्हाचे पहिले काही दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेले नसतील. घरात पैसे होते, पण दुकाने बंद होती.

एका गृहिणीची गोष्ट

आमोणे येथील माझ्या नात्यातील एका वहिनींची हकिकत येथे सांगितल्यास ती अस्थानी होणार नाही. त्यांच्या घरी एक ट्रक होता. तोच घर चालवीत असे. २०१२ साली तो दारात उभा राहिला तो उभाच. कर्जाचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. वहिनी कष्टाळू. त्यांनी मनाशी ठरविले, की निदान भाजीचा खर्च तरी वाचवू. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी परस खणून काढले, शेणखत विकत घेतले आणि बाजारातून सुंदर चित्रांची बियाण्यांची पाकिटे आणली. फुलकोबी, गाजर, ढबू मिरची आणि टोमॅटो. पाणी घालण्यात त्यांनी कसूर केली नाही.

परिणाम काय झाला? फुलकोबीला पानेच पाने आली, गड्डा धरलाच तर लिंबाएवढा. गाजरे बोटाएवढी वाकडीतिकडी निघाली. टोमॅटोची रोपे छान वाढली, फुलली, आणि एके दिवशी सकाळी हिरवीगार असतानाच माना टाकून मेली. ढबू मिरचीची पाने आक्रसून गेली. पदरचे पैसे गेले, पाठ दुखली ती निराळी. "आमच्या हाताला गुण नाही," असे म्हणून वहिनींनी कुदळ कोपऱ्यात ठेवली.

शेजारी एक वृद्ध आजी राहत असत. त्या कुंपणापलीकडून हे सारे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "बाय, हाताचा दोष नाही गो. थंडीतले पाहुणे तू उकाड्यात जेवायला बोलावलेस. आधी घरच्यांना वाढ." आणि त्यांनी आपल्या परसातील तेंडलीच्या वेलाचे दोन फाटे, मायाळूची एक फांदी, अळूचे चार कंद आणि पुरचुंडीत बांधलेले तांबड्या भाजीचे बी वहिनींच्या ओट्यावर आणून ठेवले.

या साध्या शब्दांत परसबागेचे सगळे शास्त्र आले आहे. आपल्या भागातील माती जांभ्या दगडाची. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. हे पाणी मातीतील पोषक द्रव्ये धुऊन नेते, म्हणून जमीन आंबट होते व सेंद्रिय अंश टिकत नाही. फुलकोबीला गड्डा धरण्यास थंड हवा लागते, ती येथे डिसेंबरातही बेताचीच. गाजराला भुसभुशीत खोल माती हवी, येथे वीतभर खाली जांभा लागतो. टोमॅटो-वांग्यांची उभी रोपे एकाएकी कोमेजतात तो मर रोग. त्याचे जंतू मातीत राहतात आणि दमट, उष्ण, आंबट जमिनीत ते फोफावतात. तात्पर्य, वहिनींची मेहनत कमी पडली नव्हती, निवड चुकली होती.

निवडीची चार कसोटी

म्हणून बी विकत घेण्यापूर्वी प्रत्येक भाजीसंबंधी स्वतःला चार प्रश्न विचारावे. पहिला, ही भाजी आपल्या गावातील चार परसांत आधीपासून येते काय? दुसरा, एकदा लावल्यावर ती एकदाच मिळते की पुनःपुन्हा तोडता येते? फुलकोबीचे एक रोप तीन महिने जागा अडवून एकच गड्डा देते. तेंडलीचा एक वेल कित्येक वर्षे फळत राहतो. तिसरा, तिचे बी किंवा फाटा घरचा घरी ठेवता येईल काय? आणि चौथा, ती घरात खाल्ली जाते काय? घरच्यांना न आवडणारी भाजी कितीही फोफावली तरी शेवटी गुरांच्याच पुढ्यात जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सोपी भाजी म्हणजे केवळ देशी भाजी असे नव्हे. मिरची, पपई, रताळे ही मुळात अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली आणि या मातीत अशी रुळली, की आज पेडण्यातील हरमल आणि काणकोणातील खोल हे गाव मिरचीच्या नावानेच ओळखले जातात. झाड कोठून आले हा प्रश्न गौण आहे. या पावसाशी आणि या जांभ्याशी त्याचे जमले की नाही, एवढेच पाहावयाचे.

एकदा लावावी, वर्षानुवर्षे खावी

नवशिक्याने आरंभ कायमच्या झाडांपासून करावा. त्यांना रोजची निगा लागत नाही, आणि बाकी काही साधले नाही तरी ती उपाशी ठेवीत नाहीत.

शेवगा या यादीत पहिला. मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी पावसाळ्याच्या तोंडी रोवली की ती जीव धरते. पाणी साचेल अशा जागी मात्र ती कुजते. फांद्या ठिसूळ असल्याने झाड घरापासून थोडे दूर असावे. शेंगा उन्हाळ्यात मिळतात, परंतु पाल्याची भाजी त्याहून मोलाची. जीवनसत्त्व 'अ', लोह आणि चुना यांचा तो मोठाच साठा आहे. मुलांच्या आणि बाळंतिणीच्या ताटात तो अवश्य असावा.

तेंडलीचा वेल फाट्यापासून लावावा, आणि तो फळ देणाऱ्या वेलाचाच मागून आणावा. कारण या वेलांत नर आणि मादी निराळे असतात, नर वेल मांडव भरून टाकील, पण एकही तेंडले देणार नाही. पपईचेही तसेच. एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावावी आणि फुले आल्यावर लांब देठांवर झुपक्यांनी फुलणारी नर झाडे काढून टाकावी, परागासाठी एखादेच ठेवावे. मायाळू अर्ध्या सावलीतही वाढतो, त्याची फांदी ओल्या मातीत खोचली की काम झाले. अळू आणि केळ ही तर न्हाणीच्या पाण्यावर पोसली जाणारी. जेथे न्हाणीचे पाणी वाहून चिखल होतो व डास होतात, तेथेच ती लावली तर घाणही जाते आणि भाजीही मिळते. अळू मात्र ओळखीचे, खाण्याचेच लावावे. त्यातील खाज घालविण्यासाठी आमसूल किंवा चिंच घालून ते चांगले शिजवावे, हे आपल्या गृहिणींना सांगावयास नकोच. कढीपत्त्याचे एक झाड स्वयंपाकघराच्या दाराशी असावे.

पावसाळ्याचे मांडव

पावसाळा हा गोव्याच्या परसाचा खरा हंगाम. या दिवसांत पाणी घालण्याचे श्रम नाहीत. मेअखेरीस आळी करून त्यांत शेणखत व राख मिसळावी आणि पहिल्या पावसाबरोबर काकडी, दोडका, पडवळ, कारले यांचे बी टोचावे. चार माणसांच्या घराला प्रत्येकाचे दोन वेल पुरे होतात. हौसेने दहा-दहा वेल लावले तर एकमेकांच्या सावलीत एकही धड फळत नाही. आळे भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच असावे, नाहीतर मुळे पाण्यात गुदमरतात. वेल मांडवावर चढले की फळे सरळ आणि स्वच्छ मिळतात.

पुष्कळांची तक्रार असते, की फुले येतात पण फळ धरत नाही. प्रथम येणारी फुले बहुधा नर असतात, त्यांनी निराश होऊ नये. ज्या फुलाच्या मागे इवलेसे फळ असते ते मादी फूल. झडीच्या दिवसांत मधमाशा बाहेर पडत नाहीत, अशा वेळी नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवावे. काकडीसाठी हे काम सकाळी करावे, दोडक्यासाठी संध्याकाळी, कारण दोडका दिवेलागणीच्या सुमारास फुलतो.

भेंडी ही पावसाळ्यातील दुसरी विश्वासाची भाजी. गोव्यातील सात शिरांची लांबलचक भेंडी ही आपली खास ठेव. वीत-दीड वीत अंतरावर लावलेली तीस रोपे असली, तर एक दिवसाआड एका वेळच्या भाजीची सोय होते. साधी भेंडी दीड महिन्यात तोडणीस येते. पाने पिवळ्या जाळीसारखी दिसू लागलेले रोप तत्काळ उपटून टाकावे, कारण पांढरी माशी तो रोग शेजारच्या रोपांवर नेते.

पाऊस ओसरल्यावर

ऑक्टोबरअखेरीस वाफे करावे. तेथे मानाचे स्थान तांबड्या भाजीला. तिचे बी अगदी बारीक असते, म्हणून मूठभर राखेत मिसळून विस्कटावे आणि वरून हलके पाणी शिंपडावे. पंचवीस ते तीस दिवसांत भाजी तयार. सगळा वाफा एकाच दिवशी न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरावा, म्हणजे एकदा चंगळ आणि मग उपास असे होत नाही. तिच्या जोडीला मुळा घ्यावा. त्याचा पाला आधी आणि कंद मागून, असा तो दोनदा उपयोगी पडतो.

चवळी किंवा अळसांदे परसात असलेच पाहिजेत. त्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू हवेतील नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे हे पीक खाऊनही जमीन सुधारते. रताळ्याच्या वेलाचे तुकडे वरंब्यावर लावले की साडेतीन-चार महिन्यांत मुलांच्या न्याहारीची सोय होते. मिरचीची चार-पाच रोपे घराला पुरतात. आगशी आणि ताळगाव येथील वांगी प्रसिद्ध आहेत खरी, परंतु वांगे हे दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावे. मर रोगाला तोंड देणाऱ्या जातीचे बी मिळते काय, याची चौकशी जुने गोवे येथील कृषी संशोधन केंद्रात किंवा आपल्या विभागीय कृषी कार्यालयात करावी, आणि ज्या वाफ्यात एकदा झाडे कोमेजली तेथे टोमॅटो, वांगी, मिरची पुन्हा लावू नयेत.

थोडी निगा

खतावर पैसा खर्च करण्याची गरज नाही. स्वयंपाकघरातील साली, झाडलोटीचा पाला आणि शेण एका खड्ड्यात थराथराने टाकून ते ओले ठेवावे, तीन-चार महिन्यांत काळे खत हाती येते. चुलीची राख हे तर आपल्या आंबट जमिनीचे औषधच, मात्र ती मूठमूठ घालावी, ढीग ओतू नये. उन्हाळ्यात वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन केले तर विहिरीचे पाणी निम्मे वाचते. काकडी-कारल्यांना डंख मारणाऱ्या फळमाशीसाठी कोवळ्या फळावर कागदाची पिशवी बांधावी आणि किडकी फळे परसात पडू न देता खोल पुरावी. विषारी फवारे मुलाबाळांच्या घराजवळ मुळीच आणू नयेत. आमोण्यासारख्या धुळीच्या गावी पालेभाजीचे वाफे रस्त्याकडे न करता घरामागे करावे व पाला तीन पाण्यांनी धुवावा. आणि सर्वांआधी कुंपण! मोकाट गुराला तुमच्या दोन महिन्यांच्या श्रमांचा फडशा पाडण्यास पाच मिनिटे पुरतात.

बियांचे म्हणाल, तर उत्तम वेलावरचे पहिले चांगले फळ स्वयंपाकघरात न नेता वेलावरच पिकू द्यावे. आपल्या आज्या काकडीचे बी राख लावून भिंतीला चिकटवीत आणि भेंडीच्या शेंगा चुलीवरच्या धुरात टांगीत, त्यात मोठे शहाणपण होते. कोरडेपणा आणि धूर यांमुळे किडा शिरत नाही. संकरित बियांच्या पाकिटातील फळाचे बी मात्र ठेवू नये, ते पुढच्या वर्षी आईबापांसारखे निपजत नाही.

परसाने काय होते, काय होत नाही

खरे बोलावयाचे तर परसबागेने बाजार सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी दररोज निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्या असे सांगते. म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो. लहान परसातून एवढे वर्षभर निघणे कठीण, आणि कांदे-बटाटे तर आपल्याला घाटावरूनच आणावे लागतील. मग उपयोग काय? उपयोग हा, की पालेभाजी, मिरची, कढीपत्ता, तेंडली, भेंडी यांसाठी रोज सुटणारे पैसे वाचतात, आणि बाजार बंद असला तरी चूल रिकामी राहत नाही. वसईचे आपले बंधू वाडीच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला भाजी पुरवीत आले. आपणांस मुंबईला पुरवावयाची नाही, फक्त आपल्या घराला पुरवावयाची आहे.

आता वहिनींकडे परत येऊ. आजींनी दिलेल्या चार वस्तूंत त्यांनी शेवग्याची एक फांदी मिळविली आणि पहिल्या वर्षी त्यापलीकडे काही केले नाही. दुसऱ्या वर्षी काकडी आणि भेंडी आली, तिसऱ्या वर्षी अळसांदे. पुढे आजी वारल्या. त्यांच्या परसात आता कोणी नाही, परंतु त्यांच्या तेंडलीचा वेल कुंपणाच्या अलीकडे जिवंत आहे. मार्च २०२० मधील त्या बंद दिवसांत वहिनींच्या घरी कधी शेवग्याचा पाला, कधी मायाळू, कधी मूठभर अळसांदे शिजत होते. एके सकाळी शेजारची सून कुंपणाशी येऊन संकोचाने उभी राहिली. वहिनींनी तिला तांबड्या भाजीची मोठी जुडी दिली, आणि जुडीबरोबर पुरचुंडीत बांधलेले बीही दिले. "भाजी आज संपेल," त्या म्हणाल्या, "बी राहू दे."

वाचकहो, पावसाला अजून थोडा अवधी असेल तर उद्याच परसदारी एक फेरी मारा. ऊन कोठे पडते, पाणी कोठे साचते हे पाहा. शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंना विचारा, की तुमच्याकडे काय चांगले येते. त्यांच्याकडून एक फाटा, एक कंद आणि चिमूटभर बी मागून घ्या. पहिल्या वर्षी पाचच भाज्या लावा, आणि त्या पाचही जगवा.